झाकणरावांची वजाबाकी

फोन घरून आला होता, पण फोनमध्ये बायको नव्हती; नुसता धडधडाट होता. झाकणरावांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने धडधडाट मागे सरला आणि बायको पुढे आली.

"ऐकलंत? आज मशीन बाथरूममधून चालत दारापर्यंत आलंय. उद्या जिना उतरेल."

"अगं, कपडे धुण्याचं मशीन म्हटलं की आवाज व्हायचाच. असला आवाज मनावर घ्यायचा नसतो, वजा करायचा असतो."

"मग या घरी आणि करा वजा. शेजारच्या काकू आत्ताच विचारून गेल्या, भिंत पाडताय का म्हणून."

वजाबाकी हा झाकणरावांचा धंदाच होता. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका क्ष-किरण दुर्बिणीच्या कॅमेऱ्यावर ते नोकरीला होते आणि त्या कॅमेऱ्याच्या झाकणाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. दुर्बीण चालवणाऱ्या केंद्रातले सगळे त्यांना झाकणराव म्हणत. सुरुवातीला त्यांना राग आला, मग सवय झाली, आणि हल्ली कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर तेच मागे वळून बघत की कोणाला बोलावतायत.

काम ऐकायला सोपं होतं. कॅमेऱ्याला आकाशातले क्ष-किरण दिसतात हे खरं, पण अवकाशात इतके कण सैरावैरा धावत असतात की ते कॅमेऱ्यावर येऊन आदळतात, आणि कॅमेऱ्याचं स्वतःचं धातूचं अंगसुद्धा त्या माऱ्याने किंचित चमकतं. म्हणजे डोळे मिटले तरी या कॅमेऱ्याला काहीतरी दिसतच राहतं. म्हणून आधी झाकण लावून नुसता अंधार मोजायचा, मग झाकण उघडून आकाश मोजायचं, आणि दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. तेल मोजून देणारा आधी रिकामा डबा तोलतो, तसंच. बाकीच्यांना तेलात रस होता. झाकणरावांनी अख्खी नोकरी रिकामा डबा तोलण्यात घालवली होती आणि त्यांना तो मनापासून आवडत असे.

त्या सकाळी त्यांच्या समोरच्या पडद्यावर अंधाराचंच मोजमाप चालू होतं, आणि त्यानंतरचं निरीक्षण बाईंचं होतं.

बाई म्हणजे केंद्रातल्या निम्म्या लोकांच्या शिक्षिका असलेल्या, पांढऱ्या केसांच्या, महिनाअखेर निवृत्त होणाऱ्या शास्त्रज्ञ. दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड बेटांच्या, दोन समूहांच्या मध्ये तापलेल्या, अतिशय विरळ वायूचा एक पूल आहे, असं त्या तरुणपणापासून सांगत आल्या होत्या. केंद्राचे संचालक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते कधीकाळी बाईंचेच विद्यार्थी. तिथे काहीही नाही, असं साहेब तितक्याच ठामपणे सांगत आले होते. 'एका प्रश्नाला एकच निरीक्षण' हा साहेबांचा नियम होता, आणि बाईंना ते एकच निरीक्षण निवृत्तीच्या तोंडावर मिळालं होतं. दिवसभराचं, सलग. झाकणरावांनी आपणहून सांगितलं होतं, "बाई, तुमचा पूल फार मंद. शिळा अंधार वजा करायला नको, मी अगदी आयत्या वेळी ताजा मोजून देतो." ताजा अंधार मोजून होत आला होता. आता झाकण उघडायचं एवढंच राहिलं होतं, आणि तेवढ्यात मशीन दारापर्यंत आलं.

"असं कर," झाकणराव फोनवर म्हणाले. आता त्यांच्यातला जाणकार जागा झाला होता. "कपडे काढ आणि मशीन रिकामं चालव. फोन जवळ धर. मी आधी रिकाम्याचा आवाज ऐकतो. मग कपडे घालून चालव. भरलेल्यातून रिकामा वजा केला की नेमका बिघाडाचा आवाज उरतो."

"ओले कपडे काढू सगळे?"

"सगळे. एक रुमालसुद्धा आत नको."

पलीकडून जे आलं ते वजा करण्यासारखंच होतं, आणि झाकणरावांनी ते केलं. मग त्यांनी डोळे मिटून रिकाम्या मशीनचा आवाज ऐकला. मग भरलेल्याचा ऐकला. मग खात्री करायला पुन्हा रिकाम्याचा ऐकला. उजव्या बाजूला काहीतरी सैल असावं इथवर ते पोचले, तेव्हा बायकोने "मी मेकॅनिकला बोलावते" असं म्हणून फोन ठेवला.

झाकणरावांनी डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. निरीक्षणाची वेळ सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि आलेख कसा अगदी सरळ, गुळगुळीत चालला होता. कुठे उसळी नाही, कुठे खड्डा नाही.

"वा!" ते स्वतःशी म्हणाले. "काय शांत आकाश आहे!"

दुसरा कोणी असता तर त्याला शंका आली असती. पण शांत आलेख दिसला की झाकणरावांचं मन निवत असे, आणि निवलेलं मन प्रश्न विचारत नाही. राहता राहिला 'झाकण बंद' असं लिहिलेला लाल दिवा. तर तो दिवा कुठल्याशा वायरच्या दोषाने कित्येक वर्षं सदासर्वकाळ लालच होता, आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून त्यावर झाकणरावांनीच एक चिकटपट्टी लावून ठेवली होती. दुसऱ्या दिवशीच्या पाळीच्या माणसाने नियमाप्रमाणे झाकण बंद करण्याचा आदेश पाठवला. बंद झाकण आणखी एकदा बंद झालं. यंत्राने तक्रार केली नाही.

आठवड्याभराने बाईंचा निकाल आला. डब्याचं वजन वजा केलं, सगळ्या आकाशभर पसरलेला नेहमीचा फिकट उजेड वजा केला, आणि मग पुलाच्या नावाने काय उरलं ते पाहिलं. काहीच उरलं नाही. किंबहुना, शून्याहून किंचित कमीच उरलं.

"उणे!" साहेब हर्षाने आपल्या केबिनमधून बाहेर आले. "बाई, मी नुसतं म्हणत होतो की तिथे काही नाही. तिथे तर नाहीपेक्षाही कमी आहे!"

बाई निकालाच्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि शांतपणे म्हणाल्या, "निकाल असा असेल तर मी चुकले. निरोप समारंभात सगळ्यांसमोर तसं सांगेन."

केंद्रात हळहळ पसरली आणि साहेबांचा उत्साहही पसरला. समारंभासाठी बाहेरचे पाहुणे बोलावले गेले. त्या निरीक्षणाचं मोठं छायाचित्र चौकटीत बसवून त्याचं अनावरण करायचं ठरलं, आणि नमुना म्हणून केलेली लहान चौकट साहेबांनी झाकणरावांना भेट दिली. "इतकं स्वच्छ निरीक्षण या दुर्बिणीने आजवर केलेलं नाही. हे तुमचं श्रेय. घरी लावा."

झाकणरावांनी घरी जाऊन चौकट भिंतीवर टांगली आणि दोन पावलं मागे सरकून पाहिली. बायको ओल्या हाताने बाहेर आली. मशीन अजून धडधडतच होतं, कारण मेकॅनिक येतो येतो म्हणत होता.

"हे काय?"

"आकाश आहे. दोन दीर्घिकासमूहांच्या मधलं."

"काळंकुट्ट आहे."

"तिथे काही नाहीच मुळी. तेच तर महत्त्वाचं."

बायकोने जवळ जाऊन पाहिलं, लांब जाऊन पाहिलं, आणि पदराला हात पुसत हसून म्हणाली, "माझे मामा लग्नात फोटो काढायचे तेव्हा असेच यायचे. झाकण काढायला विसरलात की काय?"

झाकणरावही हसले. मग त्यांचं हसू ओठांवरच थांबलं. त्यांना फोन आठवला, रिकामं मशीन आठवलं, भरलेलं आठवलं. झाकण उघडल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

"काय झालं? पांढरे का पडलात?"

"काही नाही," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी केंद्रात पोचताच त्यांनी बाईंचं आकाश आणि आपला अंधार एकावर एक ठेवून पाहिले. जुळी भावंडंही इतकी सारखी नसतात. आकाश कितीही रिकामं असलं तरी झाकण उघडल्यावर थोडा तरी उजेड आत येतोच. इथे एक थेंबही आला नव्हता. म्हणजे अंधारातून अंधार वजा झाला होता, त्यातून कधी आलाच नव्हता तो आकाशाचा उजेडही वजा झाला होता, आणि म्हणून बाईंचा पूल शून्याच्या खाली गेला होता. झाकणरावांना नोकरीची भीती वाटली, हे खरं. पण त्याहून वाईट वाटलं ते बाईंचं. एका माणसाने मशीनचा आवाज ऐकत बसावं आणि त्यापायी दुसऱ्या माणसाने आयुष्यभर धरलेली गोष्ट चारचौघांत सोडून द्यावी, हे त्यांना सहन होईना.

ते साहेबांकडे गेले. "साहेब, त्या निरीक्षणाबद्दल एक सांगायचं होतं. म्हणजे त्यात माझ्या हातून—"

"तुमच्याच हातून झालं ते! विनय पुरे, झाकणराव."

"विनय नाही साहेब, ते झाकण—"

"अगदी बरोबर. झाकणापासूनच सुरुवात करा. समारंभात तुम्ही बोलायचंय. इतकी शांतता कशी राखली, त्याचं रहस्य काय. थोडक्यात बोला, पाहुण्यांना कंटाळा येतो." आणि साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना दाराबाहेर नेऊन सोडलं.

चूक कबूल करायला गेलेला माणूस वक्ता होऊन परत आला.

मग बाईच त्यांच्या टेबलाशी आल्या. हातात चहाचे दोन पेले होते. एक त्यांनी झाकणरावांपुढे ठेवला.

"काय रे, चेहरा का उतरलाय?"

"नाही बाई. झोप कमी झाली."

"मनात काही असेल तर बोलून टाकावं माणसानं. मी महिनाअखेरपर्यंत इथे आहे."

झाकणरावांनी तोंड उघडलं. बाईंचे डोळे शांत होते. त्या शांत डोळ्यांकडे बघून 'बाई, तुम्ही चुकला नाहीत, मी चुकलो' एवढं वाक्य काही त्यांच्या घशाबाहेर येईना. ते म्हणाले, "चहा छान झालाय."

"बरं," बाई म्हणाल्या आणि जरा थांबून गेल्या.

दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या. "भाषणात तुझे आभार मानायचेत. काय म्हणू? झाकण वेळच्या वेळी उघडण्यात याचा हात धरणारा कोणी नाही, असं म्हणू?"

झाकणरावांना जोराचा ठसका लागला. बाईंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं, पाणी दिलं, आणखी थोडा वेळ थांबल्या, आणि मग उसासा टाकून निघून गेल्या.

समारंभाच्या आदल्या रात्री घरी त्यांनी शेवटी बायकोला सगळं सांगितलं. धडधडाटात तिला अर्धं ऐकू येईना म्हणून तिने उठून मशीन बंद केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. एकदाच सांगताना मेल्यासारखं झालेल्या माणसाला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

"मग बोला ना उद्या उभं राहून."

"सगळ्यांसमोर? नोकरी जाईल."

"गेली तर बघू. पण त्या बाईंना वजा करू नका." ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणाली, "मला करता ते मी चालवून घेते. त्यांनी का चालवून घ्यावं?"

समारंभाला सभागृह भरलं होतं. साहेबांनी दोरी ओढली, चौकटीवरचं काळं कापड खाली पडलं आणि आतून तितकंच काळं छायाचित्र निघालं. पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्याला कापड पडल्याचं कळलंच नाही. तो अजून वाट बघत होता. टाळ्या झाल्यावर त्यानेही वाजवल्या.

साहेब भरभरून बोलले. बाई माझ्या गुरू, त्यांच्या मनाचा मोठेपणा, आणि हे निरीक्षण म्हणजे आदर्श. "लोक मला विचारतात, एका प्रश्नाला एकच निरीक्षण हा नियम जाचक नाही का? मी सांगतो, इतक्या काळजीने केलेलं काम असेल, तर असंच आणि एवढंच निरीक्षण पुन्हा द्यायची वेळ आली तरी मी डोळे मिटून सही करीन! पण तशी वेळ येणारच नाही. कारण काय, ते आता झाकणराव सांगतील."

झाकणराव उठले. त्यांच्या खिशात भाषणाचा कागद होता. तो त्यांनी काढलाच नाही. समोर पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर त्यांचं 'मी चुकले' असं सांगणारं भाषण घडी घालून ठेवलेलं होतं.

"साहेबांनी मला शांततेचं रहस्य विचारलंय," ते म्हणाले. आवाज चिरकत होता. "रहस्य असं आहे की झाकण बंद होतं."

सभागृहात कोणीतरी हसलं. साहेबही हसले. "म्हणजे सुरुवातीला. अंधार मोजताना."

"सुरुवातीला होतं. मध्येही होतं. शेवटीही होतं. त्या दिवशी दुर्बिणीने आकाश पाहिलंच नाही, साहेब. घरून फोन आला, मी बोलत बसलो आणि उघडायचं राहून गेलं. हे छायाचित्र झाकणाच्या आतल्या बाजूचं आहे." मग ते बाईंकडे वळले. "बाई, तुम्ही चुकलात की बरोबर आहात, ते अजून कोणालाच माहीत नाही. चुकलो तो मी. मला क्षमा करा."

साहेबांचा चेहरा चौकटीतल्या रंगाकडे झुकू लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे ती पाहुण्यांदेखत उघडली होती.

बाई सावकाश उठल्या. मांडीवरचं भाषण त्यांनी पर्समध्ये ठेवलं आणि पर्समधून दुसरा एक कागद काढला.

"असंच आणि एवढंच निरीक्षण पुन्हा द्यायची वेळ आली तर सही करीन, असं साहेब आत्ताच म्हणाले. पाहुण्यांनीही ऐकलंय. हा अर्ज. डोळे मिटायची गरज नाही, उघडे ठेवून केलीत तरी चालेल."

आता मात्र खरंच हशा पिकला, आणि त्या हशात साहेबांना पेन काढावंच लागलं.

समारंभानंतर झाकणराव जिन्यात बाईंची वाट बघत उभे होते. "बाई, तो अर्ज तुमच्याकडे तयारच कसा होता?"

"निकाल आला त्याच दिवशी लिहिला. उणे आकाश कधी बघितलंयस का तू? इतकी वर्षं नुसते केस पांढरे करत नव्हते मी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं! मग बोलला का नाहीत? मी रोज मरत होतो!"

"मी बोलले असते तर ती तक्रार झाली असती. तक्रारीची समिती होते, समितीचा अहवाल होतो, तोवर मी घरी कुंड्यांना पाणी घालत बसले असते. तू बोललास म्हणून ती नुसती चूक झाली. चूक लगेच दुरुस्त करता येते." त्या दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "पण काय रे, किती वाट बघायला लावलीस! चहा दिला, आभाराचं बोलले. त्याहून स्पष्ट कसं सांगतात? आणि आज तू नसतास बोललास, तर मला ते पहिलं भाषण वाचावं लागलं असतं. रात्रभर झोप नव्हती मला."

हे ऐकून झाकणराव खजील झाले, आणि त्यांना इतकं हलकंही वाटलं की ते जिन्यातच बसले.

बाई निवृत्त व्हायच्या आत दुसरं निरीक्षण झालं. या वेळी झाकण उघडताना अर्धं केंद्र झाकणरावांच्या पाठीशी उभं होतं आणि त्यांचा फोन बाईंच्या पर्समध्ये होता. गंमत अशी झाली की इतका मंद पूल शोधायला आधी अंधार फार नीट माहीत असावा लागतो, आणि दिवसभराचा सलग अंधार आजवर कोणीच मोजला नव्हता. दुर्बिणीचा एवढा वेळ झाकण लावून वाया घालवायला कोण परवानगी देणार? तो झाकणरावांनी फुकटात मोजून ठेवला होता. तो वजा केल्यावर आलेखावर एक लहानसा उंचवटा उरला. बाईंनी सांगितला होता त्याच्या बरोबर निम्मा.

"निम्मा नाहीच की!" साहेब म्हणाले.

"निम्मा आहे ना," बाई म्हणाल्या. दोघेही समाधानाने आपापल्या खोलीत गेले. काळी चौकट झाकणरावांच्या टेबलासमोर लागली, लाल दिव्याची वायर बदलली, आणि जगभरातले लोक जो अंधार मागून नेऊ लागले, त्याला सगळे झाकणरावांचा अंधार म्हणू लागले.

दुसऱ्या निकालाच्या संध्याकाळी झाकणराव घरी आले तेव्हा दारातच थबकले. घर चुकल्यासारखं वाटलं. धडधडाट नव्हता. मेकॅनिक एकदाचा येऊन गेला होता आणि मशीनच्या उजव्या पायाखाली रबराचा एक तुकडा सरकवून गेला होता. मशीन चालू होतं, पण नुसतं घुमत होतं. आणि त्या घुमण्याच्या वर, अगदी मंद, कोणीतरी गात होतं.

झाकणराव आवाजाच्या मागाने आत गेले. बायको पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती. सूर थोडा खाली जात होता, पण आवाज गोड होता. ते दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिले. तिने वळून पाहिलं आणि ती थांबली.

"तू गातेस?" त्यांनी विचारलं. "कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून," ती म्हणाली, आणि त्यांच्या शर्टाची घडी घालून बाजूला ठेवली.

झाकणरावांनी बूट काढले, तिच्यासमोर जमिनीवर बसले, खिशातला फोन बंद करून बाजूला ठेवला, आणि म्हणाले, "पहिल्यापासून म्हण."

"दुसऱ्यांदा सांगायला लावलं की कसं वाटतं, कळलं ना तुम्हाला?" ती म्हणाली. पण तिने सुरुवात केली.